मायक्रोवेव्हची मायका शीट पुन्हा पुन्हा का जळते?

शेंगदाणे भाजायला ठेवले होते. दुसऱ्या मिनिटाला आतून चट्‌चट आवाज आला, उजव्या भिंतीवर पिवळी ठिणगी दिसली आणि जळक्या पुठ्ठ्यासारखा वास सुटला. मायक्रोवेव्ह बंद करून दार उघडलं, तर भिंतीवरच्या मायका शीटच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढं काळं भोक पडलेलं. एका वर्षातली ही तिसरी शीट.

आधीच्या दोन्ही वेळा मेकॅनिकला बोलावलं होतं. त्याने दहा मिनिटांत नवी शीट बसवली, पाणी गरम करून दाखवलं आणि तो गेला. चार महिने ठीक चाललं, मग पुन्हा तेच. आमच्याकडे रोज बारा-तेरा डबे जातात, त्यामुळे मायक्रोवेव्ह बंद पडला की सकाळचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो आता जुना झाला, नवा घेऊन टाक." पण गरम तर तो उत्तम करत होता. जळत होता तो फक्त एक पातळ तुकडा.

नशिबाने मागची जळकी शीट मी टाकून दिली नव्हती. ड्रॉवरमधून काढून ती नव्या जळक्या शीटशेजारी ठेवली, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की दोन्हींवर भोक एकाच जागी आहे, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात. शीट खराब निघाली असती तर ती कुठेही जळली असती. दोन वेगवेगळ्या शीट एकाच कोपऱ्यात जळल्या, म्हणजे दोष त्या कोपऱ्याच्या मागे होता. तुमचीही शीट वारंवार जळत असेल, तर नवी आणण्याआधी जुनीवरचा डाग नीट बघा. तो कुठे पडलाय यावरून बरंच कळतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. या लेखातलं प्रत्येक काम दार उघडून आतल्या बाजूने करायचं आहे. बाहेरचं पत्र्याचं आवरण उघडायचं नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. त्या आवरणाखाली आपले २३० व्होल्ट वाढवून सुमारे २००० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर असतो. पुढे वीज साठवणारा कपॅसिटर आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाला, जवळजवळ ४००० व्होल्टपर्यंत पुरवठा करतात. तो कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भारित राहू शकतो आणि त्याचा झटका जिवावर बेततो. स्क्रूड्रायव्हर टेकवून कपॅसिटर रिकामा करायचा जो प्रकार व्हिडिओंमध्ये दाखवतात, तो घरी करू नका. मायका शीट बदलायला त्याची गरजही नाही. पण प्लग मात्र सॉकेटमधून काढून ठेवायचा. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही.

शीट तिथे असते कशाला

उजव्या भिंतीवरचा तो राखाडी-तपकिरी, किंचित चकाकणारा चौकोन म्हणजे वेव्हगाइडचं झाकण. मॅग्नेट्रॉनमधून निघालेल्या लहरी वेव्हगाइड नावाच्या पत्र्याच्या बोगद्यातून येतात आणि या तोंडातून आतल्या पोकळीत शिरतात. काही मॉडेलमध्ये हे तोंड छताला असतं. अन्नाची वाफ, तेल, मसाला त्या बोगद्यात जाऊ नये म्हणून शीट लावलेली असते. लहरी तिच्यातून विनासायास पार होतात, तूप-तेल होत नाही.

मायका म्हणजे आपलं अभ्रक. जुन्या इस्त्रीची कॉइल ज्या पातळ पापुद्र्यांवर गुंडाळलेली असायची तेच. ते उष्णता सोसतं, वीज वाहू देत नाही आणि २.४५ गिगाहर्ट्‌झच्या या लहरी फारशा शोषून घेत नाही, म्हणून या जागेला योग्य. आपण विकत आणतो ती शीट अखंड अभ्रकाची नसते. अभ्रकाचा चुरा कागदासारखा थापून सिलिकॉनच्या चिकट द्रावाने घट्ट केलेला असतो. म्हणून ती कात्रीने कापता येते, आणि म्हणूनच कडेला तिचे पापुद्रे सुटतात.

स्वच्छ अभ्रक जळत नाही, जळतो तो त्यावर बसलेला थर. तेलाचा शिंतोडा, साखरेच्या पाकाचा थेंब, शेंगदाण्याचं फोलपट शीटला चिकटतं, तापतं आणि हळूहळू त्याचा कोळसा होतो. कोळसा वीज वाहतो. लहरींची सगळ्यात जास्त ताकद याच तोंडाशी असते, त्यामुळे तो ठिपका आणखी तापतो, शेजारचा थर करपवतो, आणि एक दिवस ठिणगी उडते. एकदा काळं झालेलं धुऊन, खरवडून वापरू नका. कोळसा पापुद्र्यांच्या आत शिरलेला असतो. ती शीट बदलायचीच.

डाग कुठे पडलाय

दर्शनी बाजूला, मधोमध किंवा जरा वर, तपकिरी चट्टा पसरत जाऊन काळा झाला असेल, तर कारण बहुतेक वेळा उडालेलं अन्नच. झाकण न ठेवता वरण, रस्सा, टोमॅटोची ग्रेव्ही गरम करणाऱ्या घरांत हे नेहमी दिसतं. शीट बदला, झाकण ठेवा, प्रश्न सुटतो.

शीट काढून उलटी केली आणि काळेपणा मागच्या बाजूला जास्त दिसला, तर गोष्ट वेगळी. वेव्हगाइडच्या तोंडातून टॉर्च मारून आत बघा. आत मॅग्नेट्रॉनचं टोक दिसतं, त्यावर अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, टोपीसारखा धातूचा तुकडा असतो. ती टोपी चकचकीत, निदान सारख्या रंगाची हवी. ती काळी पडली असेल, वितळल्यासारखी दिसत असेल, तिला जळून भोक पडलं असेल तर नवी शीट काही दिवसांतच जळणार. ते काम मेकॅनिकचं. फक्त बघा, आत बोट किंवा अवजार घालू नका. टोपीखाली सिरॅमिक असतं, आणि काही मॅग्नेट्रॉनच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. ते फुटून त्याची पूड श्वासात जाणं घातक.

टोपी चांगली आहे पण बोगद्याच्या तळाशी तेलकट ओल किंवा झुरळ मरून पडलेलं दिसतं, असंही होतं. आमच्याकडे नाही, पण बहिणीच्या घरी हेच निघालं. तोंडाजवळच्या भागात मऊ कोरड्या फडक्याने जेवढं सहज पुसता येईल तेवढंच पुसा.

स्क्रूच्या किंवा प्लास्टिकच्या खिळ्याच्या भोवती जळलं असेल, तर शीट सैल होती किंवा भोक वेडंवाकडं पडलं होतं. एक साधी गल्लतही होते: मुळात प्लास्टिकचा खिळा असतो, तो तुटतो आणि कोणीतरी तिथे हाताला लागेल तो लोखंडी स्क्रू बसवतं. जिथे मूळ प्लास्टिक होतं तिथे प्लास्टिकच हवं.

आणि डाग कडेला किंवा कोपऱ्यात असेल, तर संशय दोन गोष्टींवर घ्या, शीट कशी कापली आहे आणि तिच्यामागची भिंत कशी आहे. माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या होत्या.

कोपऱ्यामागे काय निघालं

शीट काढून भिंत कोमट साबणपाण्याने पुसली. डावीकडच्या खालच्या कोपऱ्याजवळ रंगाचा नखाएवढा पोपडा उडालेला होता, त्याखाली गंज, आणि गंजाभोवती काळी काजळी. पत्र्याची धार उघडी पडली की विद्युतक्षेत्र तिथे एकवटतं. उघडं टोक, वर तेलाचा ओलावा, आणि त्यावर टेकलेली शीटची कड. ठिणगी तिथूनच सुरू व्हायची आणि शीट बिचारी जळायची.

रंग का उडाला तेही जुनी शीट बसवून पाहिल्यावर समजलं. पहिल्या दुरुस्तीत ती खालून चांगली तीन-चार मिलिमीटर तोकडी कापली गेली होती. त्या फटीतून वाफ आत जायची, मागे साचायची. मी रोज ओल्या फडक्याने पुसत होते ते पाणीही तिथेच मुरत होतं. दुसऱ्या वेळी त्याच तोकड्या शीटच्या मापाने नवी कापली, म्हणजे चूकही जशीच्या तशी उतरली. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक घरांत हेच होत असणार. जुनी शीट हा नमुना म्हणून वापरायचा, पण ती मुळातली आहे की कोणी नंतर कापलेली, हे आधी बघायचं. कंपनीची मूळ शीट साच्यातून कापलेली असते, तिची कड एकसारखी आणि कोपरे नेमके असतात. कात्रीने कापलेली लगेच ओळखू येते. शंका असेल तर माप भिंतीवरून घ्या. तोंडाच्या चारही बाजू झाकल्या पाहिजेत आणि शीट खाचांमध्ये किंवा टेकूंवर ताण न पडता बसली पाहिजे.

भिंतीची दुरुस्ती अशी केली. आधी वेव्हगाइडच्या तोंडावर जाड कागद लावून मास्किंग टेपने बंद केलं, म्हणजे गंजाची पूड आत जाणार नाही. काम झाल्यावर हा कागद काढायचाच आहे, म्हणून प्लगला चिठ्ठी बांधून ठेवली. मग बारीक पॉलिश पेपरने गंज घासून काढला, उडालेल्या रंगाची कड हाताला लागणार नाही इतकी गुळगुळीत केली. इथे तारेची घासणी कधीही वापरू नका. तिचे केसाएवढे तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकडा ठिणगी पाडतो. पूड पुसून, कोरडं करून मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठी मिळणारा खास रंग दोन पातळ हातांत लावला. घरात उरलेला ऑइल पेंट किंवा चंदेरी रंग चालत नाही, चंदेरीत तर धातूचीच पूड असते. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मी जास्तच थांबले, दोन दिवस दार उघडं ठेवलं आणि डबे गॅसवर गरम केले.

तुमचा मायक्रोवेव्ह आतून स्टेनलेस स्टीलचा असेल तर रंगाचा प्रश्न येत नाही. पण रंगीत पत्र्याच्या भिंतीला गंजाने आरपार भोक पडलं असेल तर पॅच, एम-सील, पत्र्याचा तुकडा असलं काही करू नका. त्या भिंती लहरींना आत कोंडून ठेवतात. भोक पडलेला मायक्रोवेव्ह भंगारात द्यायचा.

नवी शीट आणणं, कापणं, बसवणं

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानांत मायका शीट सहज मिळते. इतर शहरांत मिक्सर-ओव्हनचे पार्ट विकणाऱ्या दुकानात विचारा. मी गेले तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, "ताई, जुनी शीट आणलीय का?" आणली होती. त्याने जाडी बोटाने चाचपून त्याच जाडीची काढून दिली. मॉडेल नंबरची तयार शीट मिळत असेल तर तीच घ्या, कापाकापी वाचते. नाहीतर मापापेक्षा मोठी घ्या, वाकवून बघा. पापुद्रे सुटलेली किंवा कडेला भुगा होणारी नको. दोन घेतल्यात तर उत्तम, पहिली कापताना बिघडू शकते.

खुणा करायला पेन्सिल वापरू नका. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. शीटवर ती रेघ राहिली तर ठिणगीला आयती वाट मिळते. मी जुनी शीट वर ठेवून कटरच्या टोकाने पुसट ओरखडा काढला, खाली जी वाढीव जागा हवी होती ती पट्टीने मोजून धरली, आणि स्टीलची पट्टी धरून कटर तीन-चार वेळा हलका फिरवला. एका दाबात कापायला गेलं की कड फाटते. खाचा आणि कोपरे छोट्या धारदार कात्रीने. मग कडेवरून बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवला, सुटा भुगा कोरड्या फडक्याने झटकला. धारदार टोकाऐवजी कोपरे किंचित गोल ठेवा. स्क्रूचं भोक कात्रीने टोचून पाडू नका, कागदाला भोक पाडायच्या पंचने स्वच्छ पडतं.

बसवताना हात कोरडे आणि तेलाशिवाय हवेत. हे स्वयंपाकघरातलं काम असल्याने मुद्दाम सांगते. शीट सपाट बसली पाहिजे, फुगवटा नको. स्क्रू हलकाच आवळायचा, जोर लावला की अभ्रक तडकतं. आणि तोंडावरचा कागद काढला का, ते पुन्हा एकदा बघा.

एवढं झालं की थाळीखालचीही तपासणी करून घ्या, कारण फिरणारी थाळी अडखळत असेल तर अन्नाचा एकच भाग तापत राहतो, उकळून उडतो, आणि पुन्हा शीटवर येतो. काचेची थाळी काढा, खालची रोलर रिंग धुवा, तिची चाकं मोकळी फिरतात का बघा. मधोमध तीन पाकळ्यांचा प्लास्टिकचा कपलर असतो, त्याची कड झिजली की थाळी मध्येच थांबते. कपलर वर उचलला की निघतो आणि नवा अगदी स्वस्तात मिळतो. शाफ्टचं छिद्र कोणत्या आकाराचं आहे ते बघून घ्यायचं, म्हणून जुना सोबत न्या.

चाचणी

रिकामा मायक्रोवेव्ह चालवून बघायचा नाही. आत ऊर्जा शोषायला काही नसलं की लहरी परत फिरतात, मॅग्नेट्रॉन तापतो आणि शीटवरही मारा होतो. मोठ्या काचेच्या भांड्यात १ लिटर साधं पाणी घ्या, ढवळून तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर बरोबर २ मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळून मोजा. तापमानातल्या फरकाला ३५ ने गुणलं की अंदाजे वॅट मिळतात. माझं पाणी २७ वरून ४८ अंशांवर गेलं, म्हणजे २१ गुणिले ३५, साधारण ७३५ वॅट. आमचा मायक्रोवेव्ह ८०० वॅटचा आहे आणि थोडी उष्णता भांड्यात नि हवेत जातेच, त्यामुळे हा आकडा चांगला. पाणी त्याच वेळात सात-आठ अंशच तापलं तर शीट हा तुमचा प्रश्न नाही, दोष मॅग्नेट्रॉनच्या बाजूला आहे.

या दोन मिनिटांत स्वयंपाकघरातला दिवा बंद करून दारातून शीटकडे बघत राहा. ठिणगी नाही, चटचट नाही, वास नाही, म्हणजे काम झालं. ठिणगी दिसली तर लगेच थांबवा. "एखादी ठिणगी चालते" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

परत जळू नये म्हणून

शेंगदाणे, खोबरं, पापड हे आपल्याकडचे तीन मुख्य गुन्हेगार. शेंगदाण्याचं तेल नि फोलपटं, खोबऱ्याचं तेल, आणि पापडाचं तर वजनच इतकं कमी आणि पाणी इतकं थोडं की मायक्रोवेव्हला ते जवळजवळ रिकामं चालवल्यासारखंच. पापड भाजताना मी आता बाजूला अर्धा कप पाणी ठेवते. पापड थोडा जास्त वेळ घेतो, तरी कुरकुरीत होतो. शेंगदाणे एकाच वेळी पाच मिनिटं न लावता मिनिटभर, मग ढवळून पुन्हा मिनिटभर. आमटी-भाजीवर भोकाचं प्लास्टिकचं झाकण कायम. सोनेरी-चंदेरी काठाच्या कपबश्या आत नाहीत, त्या काठात धातू असतो. कन्व्हेक्शन मॉडेल असेल तर ग्रिलची जाळी मायक्रोवेव्हच्या मोडवर तशीच राहिली नाही ना, हे रोज बघण्यासारखं आहे. आमच्या मुलाने दोनदा तसं केलं आणि दोन्ही वेळा जाळी भिंतीला टेकून ठिणगी पडली.

साफसफाई मी बदलली. वाटीभर पाण्यात लिंबू पिळून दोन-तीन मिनिटं वाफ काढते, मिनिटभर थांबते, मग पिळलेल्या फडक्याने भिंती पुसते. शीटवरून फडकं फक्त वरवर, आणि शेवटी कोरडं. दार दहा मिनिटं उघडं.

मेकॅनिकला कधी बोलवायचं

नवी शीट, स्वच्छ भिंत आणि तरीही ठिणगी पडत असेल. गरम न होता नुसता जोरात घुमण्याचा आवाज येत असेल. आतला फ्यूज उडत असेल. दाराच्या कुलपामागे बहुतेक मायक्रोवेव्हमध्ये तीन स्विच असतात. त्यातला एक मुद्दाम अशा कामासाठी असतो की बाकीचे बिघडून दार उघडं असतानाही वीज चालू राहिली, तर त्याने शॉर्ट करून फ्यूज उडवावा. त्यामुळे फ्यूज उडणं ही सूचना आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालून ती दाबू नका, कोणालाही स्विच बायपास करू देऊ नका. दार वाकडं झालं, बिजागरी सैल झाली, दाराच्या काचेतली जाळी फाटली किंवा गंजली तर दुरुस्त होईपर्यंत वापर बंद.

मेकॅनिक आला की जळक्या शीट त्याच्यासमोर ठेवा आणि डाग दाखवा. "शीट बदला" असं न सांगता "ही याच कोपऱ्यात का जळते?" असं विचारा. मी ते तिसऱ्या वेळी विचारायला शिकले.

आता या शीटला चौदा महिने झाले. दर रविवारी डबे नसतात तेव्हा प्लग काढून टॉर्चने चारही कोपरे बघते. मागच्या रविवारी वरच्या कडेला तुपाचा एक पिवळट थेंब दिसला, तो काळा व्हायच्या आत कोमट पाण्याच्या फडक्याने निघाला.